उद्या परत टाच टोचणार. औषध न देता बाळाचं दुखणं कमी करता येतं का?

सुरंगीचा_वळेसर (देवगड)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, एका हाताने टाईप करतेय कारण दुसऱ्या हातावर बया झोपलीये, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी झाली, आज सहावा दिवस. ३८ आठवडे पूर्ण, वजन २ किलो ७००. तिसऱ्या दिवशी पिवळी दिसायला लागली म्हणून दीड दिवस लाईटखाली ठेवलं, काल डिस्चार्ज मिळाला, आता माहेरी आहे. पण उद्या परत रक्त तपासायला बोलावलंय, कावीळ उलटी वर चढत नाहीये ना ते बघायला. म्हणजे परत टाच.

आतापर्यंत चार वेळा टोचून झालंय. पहिल्या वेळी मला पडद्याबाहेर उभं केलं. तिचं भुकेचं रडणं मला एव्हाना कळतं, ते आधी कुरकुर करतं मग चढत जातं. हे तसं नव्हतं. हे वरूनच सुरू झालं, मग मधे काहीच नाही, मला वाटलं श्वासच थांबला, मग परत. आत चाललेलं सगळं ऐकू येत होतं, "रक्त येत नाहीये, दाब जरा". बाहेर आणून दिली तेव्हा टाचेला कापूस चिकटवलेला, रडणं थांबलेलं पण हनुवटी थरथरत होती. ती हनुवटी डोळ्यासमोरून जात नाहीये.

मी विचारलं की पाजत असताना टोचलं तर चालेल का, तर म्हणाले नको, ठसका लागेल. आई म्हणते जिभेवर मध लाव, "तुका मधच चाटवलो हुतो, काय झाला तुका?" वहिनी म्हणते मेडिकलात बधिर करायचं क्रीम मिळतं. नवरा आंब्याच्या शेवटच्या पेट्यांच्या गडबडीत, तो फोनवर म्हणाला एवढ्याशा बाळाला काय कळतंय, दहा मिनिटांनी विसरते. मला पटत नाहीये. कुणाला अनुभव असेल तर सांगा, उद्या ११ ला जायचंय.

---

काजूची_बी (वेंगुर्ला)

अगं सगळ्यांच्या बाळांना होते कावीळ, घाबरू नको. सकाळचं कोवळं ऊन दाखव १५ मिनिटं, टोचायची वेळच येणार नाही.

---

मामी_निवृत्त_सिस्टर (चिपळूण)

काजूची बी, उन्हाचं नंतर बोलू, तिचं उद्या ११ ला आहे.

बाय, ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच लेबर रूम आणि बाळांच्या वॉर्डात, किती टाचा टोचल्या त्याचा हिशोब नाही. आणि खरं सांगते, पहिली अर्धी नोकरी आम्ही पण आयांना बाहेरच काढायचो. कारण बाळाचं नव्हतं, आमचं होतं. आई समोर रडायला लागली की आपला हात थरथरतो, एक तर माझ्यासमोर चक्कर येऊन पडली, मग बाळ एकीकडे आणि आई एकीकडे. पुढे एका ट्रेनिंगला गेले तेव्हा कळलं की ज्या माणसामुळे बाळाचं दुखणं कमी होतं त्यालाच आपण पडद्याबाहेर उभं करत होतो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, पाजत पाजतच टोचून घे. पण "पाजत" म्हणजे काय ते नीट समजून घे, तिथेच सगळ्यांचं चुकतं. सुई समोर आली की घाईघाईत छातीला लावायचं आणि लगेच टोचायचं, याचा काही उपयोग नाही. आधी नीट पकडू दे, नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, आणि ओढून गिळल्याचा आवाज यायला लागला पाहिजे. त्यानंतर दोन-चार मिनिटं जाऊ देत. मग टोचायचं. टोचून झालं तरी सोडवायचं नाही, कापूस लावून होईपर्यंत आणि त्याच्यापुढेही पिऊ दे.

आता घरून निघताना काय करायचं. काविळीच्या बाळाला उपाशी ठेवायचं नाही, दोन-तीन तासांनी पाजायचंच. पण नंबर यायच्या दहा मिनिटं आधी तुडुंब पाजून झोपवलंस तर ती उद्या छातीला तोंडच लावणार नाही. तेवढा अंदाज ठेव. दोन्ही पायात मोजे घाल, रिक्षात वारा लागतो आणि पाय गार पडले की रक्त येत नाही. रक्त आलं नाही की काय होतं ते तू ऐकलंसच, दाबतात. अगं टोचणं क्षणाचं असतं, टाच पिळणं हेच जास्त दुखतं. गरम पाण्याची पिशवी मात्र ठेवू नको, कातडी भाजते. तुझ्या तळहातात पाय धरून बस, तेवढं पुरे.

आणि बसायचं खुर्चीवर, खाटेवर आडवं होऊन नाही. बाळ आडवं मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेलं, फक्त एक पाय बाहेर लोंबता. पाय खाली असला की रक्त उतरतं आणि सिस्टरला पण हात घालायला जागा मिळते. तिला स्टूल दे बसायला. आमचा "नको" बऱ्याच वेळा वाकून कंबर मोडते म्हणून असतो गं, ठसका हे नुसतं नाव.

ठसक्याचं म्हणशील तर माझ्या हाताखाली एकाही बाळाला लागलेला नाही. बाळ दचकतं, तोंड सोडतं, एक किंकाळी मारतं आणि परत शोधायला लागतं. अजिबात रडणारच नाही असं मी म्हणत नाही हं.

---

तांबळडेगचो_पावणो

आमच्या चेडवाच्या येळाक शिस्टरीनच सांगल्यान, पाज गो तिका आदी. सुयेचो पत्तोच लागलो नाय तिका. बायलेक माझ्या घाम फुटललो, चेडू आपला पितासा.

---

खाडीपलीकडचा (राजापूर)

इथे बापाने लिहिलं तर चालेल ना.

आमचा ३१ आठवड्यांचा, १ किलो ३४० ग्रॅम. ५ आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता (कुठे ते राहू दे). त्याला ओढून पिताच येत नव्हतं, नाकातून नळीने दूध, त्यामुळे वरचा पाजायचा उपाय आम्हाला नव्हताच. आणि टोचणं रोजचं, कधी साखर बघायला, कधी सलाईनची सुई निघाली म्हणून.

मी पहिले काही दिवस सगळ्यांना फुशारकीने सांगायचो की आमचा पठ्ठ्या रडतच नाही. मग रात्रपाळीच्या एका सिस्टरने मला इनक्युबेटरजवळ उभं केलं आणि म्हणाली आता तोंडाकडे बघा. भुवयांच्या मधे गाठ आली, डोळे गच्च, नाकाच्या बाजूने ओठापर्यंत घडी पडली, हाताची बोटं पंख्यासारखी ताणली गेली, आणि आवाज काहीच नाही. मशीनवर ठोके १५० चे १८० च्या वर आणि ऑक्सिजनचा आकडा खाली. म्हणाली, याच्यात रडायचं पण बळ नाहीये, याचा अर्थ दुखत नाही असा नाही. मी त्या दिवशी कँटीनला जाऊन चहा पुढ्यात घेऊन नुसता बसलो होतो.

तिनेच मग शिकवलं. अंगठी आणि मनगटातला धागा काढायचा (अंगठी साबण लावून काढली, लग्नानंतर पहिल्यांदा), कोपरापर्यंत हात धुवायचे, कोरडे आणि गरम झाले की आत घालायचे. एक तळहात डोक्यावर टोपीसारखा. दुसऱ्याने दोन्ही पाय पोटाशी दुमडून धरायचे, हात छातीशी, म्हणजे आईच्या पोटात कसं मुटकुळं करून असतं तसं. आणि हलवायचं नाही. माझा हात आपोआप थोपटायला, कुरवाळायला जायचा, ती म्हणायची कुरवाळू नका, एवढ्या लहान बाळाला बारीक बारीक स्पर्शाचा त्रास होतो, नुसता हात ठेवा. भार द्यायचा नाही पण उचलायचाही नाही. टोचून झाल्यावरसुद्धा तोंड सैल पडेपर्यंत तसाच ठेवायचा, हात पटकन काढला की दचकायचा.

जरा स्थिर झाल्यावर कांगारू सुरू केलं, बायको दिवसा आणि मी संध्याकाळी. शर्टची बटणं उघडून उघड्या छातीवर उभं बाळ, डायपर आणि टोपी एवढंच, वरून चादर. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ही पद्धत १९७८ साली कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. रक्त घ्यायचं असेल त्या दिवशी १०-१५ मिनिटं आधीच त्याला छातीवर घेऊन बसायचो आणि तसाच पाय बाहेर काढून टोचायचे. फरक मशीनवर दिसायचा, ठोके चढायचे पण कमी आणि लवकर खाली यायचे. माझ्या छातीवर केस आहेत म्हणून मी विचारलं होतं चालेल का, सगळे हसले.

ताई तुमची तर पूर्ण दिवसांची आहे आणि पिते, तुमचं सोपं आहे.

---

सुरंगीचा_वळेसर

वाचून रडले थोडी. मामी, खुर्ची आणि मोजे लिहून घेतलं. पण क्रीमचं काय? आणि आई आता म्हणते मध नको तर नको, खडीसाखरेचं पाणी तरी लाव, हॉस्पिटलात पण लावतात म्हणे काहीतरी गोड? हे खरं आहे का?

---

पोरांचा_डॉक्टर (रत्नागिरी)

खरं आहे, पण अर्धं. नवजात बाळांच्या वॉर्डात २४ टक्के सुक्रोज (साखरेचं द्रावण) किंवा आपल्याकडे सहज मिळणारं २५ टक्के ग्लुकोज, अगदी थेंबांत मोजून, टोचायच्या साधारण २ मिनिटं आधी जिभेवर देतात, सोबत चोखायला काहीतरी असेल तर जास्त चांगलं. त्याने रडणं कमी होतं हे भरपूर अभ्यासांत दिसलंय. असर काही मिनिटांचाच. पण ते निर्जंतुक असतं, मापात असतं आणि नोंद ठेवून देतात. घरच्या खडीसाखरेच्या पाण्याला यातलं काहीच लागू नाही, त्यात सहा दिवसांचं बाळ. आजींना सांगा पाण्याचा थेंबही नको.

मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते पचतात, बाळाच्या आतड्यात मात्र रुजतात आणि विष तयार करतात, बाळ लुळं पडतं, बॉट्युलिझम म्हणतात त्याला. तुम्हाला चाटवला आणि काही झालं नाही हे नशीब.

साखरेबद्दल माझं स्वतःचं मत सांगतो. २०१० मध्ये लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, टाच टोचताना बाळांच्या मेंदूतले विद्युत संकेत मोजले, तर सुक्रोज दिलेल्यांचं तोंड कमी वाकडं झालं पण मेंदूत उमटणारी वेदना तेवढीच. त्यावर वाद झाले, अजून होतात. म्हणून आई हजर असेल आणि बाळ पीत असेल तर मी साखरेपर्यंत जातच नाही. अंगावर पिताना चोखणं, दूध, वास, ऊब, कातडीला कातडी सगळं एकदम मिळतं. आई आयसीयूत असेल, बाळ उपाशी ठेवायचं असेल तेव्हा गोड थेंब आणि राजापूरच्या दादांनी लिहिलंय तसं मुटकुळं करून धरणं. ते त्यांनी फार छान लिहिलंय, आमच्या इंटर्नना वाचायला देईन.

क्रीम टाचेला उपयोगाचं नाही, तपासून झालंय ते. शिवाय ते औषध आहे, एवढ्या लहान बाळाला स्वतःच्या मनाने लावू नका. तसंच आधीच पॅरासिटामॉलचे थेंब देऊन नेतात काही जण, टोचण्याच्या दुखण्यावर ते काम करत नाही.

तुमच्या मिस्टरांना रागावू नका. ते जे म्हणाले तेच आमच्या पुस्तकात होतं. ८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांत नवजात बाळांची ऑपरेशनं जेमतेम भूल देऊन व्हायची, हालू नये म्हणून औषध द्यायचे, वेदनेसाठी नाममात्र. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद ऑक्सफर्डला असताना त्यांनी दाखवलं की ज्यांना नीट वेदनाशामक दिलं ती अकाली जन्मलेली बाळं ऑपरेशननंतर जास्त स्थिर राहतात. ते छापून आलं १९८७ मध्ये. म्हणजे तुमचे मिस्टर जन्मले त्याच्या आगेमागे.

उद्या एक विचारा, शिरेतून रक्त घेता येईल का. सरावाचा हात असेल तर शीर टाचेपेक्षा कमी दुखते आणि दाबावं लागत नाही. टाचच असेल तर कडेला टोचायची, मधोमध नाही, आणि स्प्रिंगची लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) असेल तर तीच वापरा म्हणावं. कपाळाला टेकवून कावीळ मोजायचं यंत्र असतं, पण लाईटखाली ठेवलेल्या बाळात ते लगेच भरवशाचं नसतं, म्हणून तुमच्याकडे रक्तच मागितलंय, ते बरोबर आहे.

काजूची बी, कोवळ्या उन्हाने गंभीर कावीळ उतरत नाही, उलट लोक ऊन दाखवत बसतात आणि उशीर होतो. तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ सुस्त झालं, पिईना, की ऊन-बिन सोडून निघायचं.

---

काजूची_बी (वेंगुर्ला)

बरं बाबा. आमच्या दोघांना दाखवलं होतं म्हणून सांगितलं.

---

गावठी_कोंबडा (मंडणगड)

हे सगळं वाचायला बरं वाटतं हो. आमच्याकडे लसीच्या दिवशी उपकेंद्रात ४० बायका, एक खुर्ची, तीही पाय मोडलेली. कोण थांबतंय तिथे चार मिनिटं गिळायचा आवाज ऐकत.

---

मामी_निवृत्त_सिस्टर (चिपळूण)

कोंबड्या, बोलतोस ते खरं आहे, मी त्या खुर्चीवर नोकरी केलीये. म्हणून तर आईने रांगेतच तयारी करायची. पुढे दोघी असताना कोपऱ्यात बसून पाजायला सुरुवात करायची, नंबर आला की पीत पीतच उठून यायचं. सिस्टरची दोन मिनिटंही जास्त जात नाहीत, उलट बाळ लाथा मारत नाही म्हणून काम लवकर होतं. सुरंगी, उद्या "चालेल का" असं विचारू नको, तसं विचारलं की तोंडातून "नको" आपोआप जातं. "सिस्टर, मी पाजायला बसते, ती गिळायला लागली की तुम्हाला हाक मारते" असं सांग. आणि सोबत आईला ने, तुझे दोन्ही हात बाळाला लागतील, पदर-दुपटं सांभाळायला तिसरा हात हवा.

दीड महिन्याच्या लसींना पण हेच. त्या दिवशी तोंडात द्यायचे थेंब आधी देऊन घ्यायचे, सुया नंतर. थेंबांच्या आधी-नंतर पाजलं तर चालतं, त्याची भीती नको.

---

सुरंगीचा_वळेसर

जाऊन आले. पाऊस धरलाय, रिक्षाला पडदा बांधून गेलो, मोजे दोन जोड.

सिस्टर आधीचीच होती. मामी, तुमचं वाक्य रिक्षात पाठ केलेलं, पण तिथे गेल्यावर माझ्या तोंडून "चालेल का" असंच निघालं 😅 आणि ती "नको" म्हणालीच. मग आईच मधे पडली. "शिस्टर, तुमी बसा ह्या स्टुलार, पोरीन पकडल्यान की मी सांगतंय तुमका." ती बसली! मला वाटतं दिवसभरात तिला कुणी बस म्हटलंच नसेल.

तिला पकडायलाच पाच मिनिटं लागली, दोनदा सुटलं, माझेच खांदे ताठ झाले होते. मग लागली. गटक गटक सुरू झालं. शीर नाही, टाचच टोचली, त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे म्हणाल्या, पण कडेला. टोचल्यावर तोंड सोडलं, एकदाच ओरडली, माझ्याकडे असं बघितलं की जसं मीच टोचलं, आणि परत लागली. रक्त लगेच आलं, दाबलंच नाही फारसं. सिस्टरने नळी भरली आणि कापूस लावला तोवर हिची बोटं माझ्या गाऊनच्या बटणावर सैल पडली होती. हनुवटी बघत होते मी सारखी. थरथरली नाही.

जाताना सिस्टर म्हणाली उद्यापासून दोन नंबरच्या बाळंतिणीला असंच बसवून बघते, तिचं बाळ फार रडतं.

रिपोर्ट संध्याकाळी आला, बिलिरुबिन (काविळीचं रक्तातलं प्रमाण) उतरलंय, आता परत टोचायला बोलावलेलं नाही, लसीलाच जायचंय. नवऱ्याला डॉक्टरांची पोस्ट पाठवली, तो म्हणतो मी ८७ चा नाही ९१ चा आहे.

आईने मधाची बाटली आगोटीच्या सामानाबरोबर वरच्या फळीवर टाकलीये. "वर्सान काडूया," म्हणाली.